व्यायामकाळातील उष्णताताण आणि प्रकाशीय नाडीसंकेत : एक विवेचन

गोषवारा : उष्ण व दमट हवेत व्यायाम करताना शरीरात साठणारी उष्णता वेळीच ओळखणे हा क्रीडाविज्ञानापुढील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. शरीराचे अंतर्गत तापमान धावत्या माणसात मोजणे कठीण असते आणि बाह्य लक्षणे बहुधा उशिरा दिसतात. त्वचेवर प्रकाश टाकून मिळवलेला नाडीसंकेत ही उणीव काही अंशी भरून काढू शकतो. या संकेताचे तत्त्व, उष्णतेमुळे त्यात होणारे बदल, त्यावर झालेले संशोधन आणि त्याच्या मर्यादा यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : उष्णताताण, उष्माघात, नाडीतरंग, त्वचेतील रक्तप्रवाह, फोटोप्लेथिस्मोग्राफी.

१. प्रस्तावना

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉन शर्यत प्रथमच घेण्यात आली. स्वित्झर्लंडची धावपटू गॅब्रिएला अँडरसन-शीस हिने स्टेडियममध्ये प्रवेश केला तेव्हा तिचा तोल गेलेला होता, शरीर एका बाजूला कलले होते आणि पावले वेडीवाकडी पडत होती. मैदानावरील डॉक्टर तिच्या बाजूने चालत राहिले. परंतु तिला अजून घाम येत आहे, हे पाहून त्यांनी तिला थांबवले नाही. शेवटच्या एका फेरीस तिला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागला. ती सदतिसावी आली आणि सुदैवाने लवकरच सावरली.

या प्रसंगातील खरा प्रश्न तिच्या जिद्दीचा नसून डॉक्टरांच्या निर्णयाचा आहे. त्यांच्यापाशी निर्णयासाठी दोनच साधने होती : स्वतःचे डोळे आणि घाम हे लक्षण. आज असे मानले जाते की, व्यायामजन्य उष्माघातात रुग्णाला पुष्कळदा घाम येतच असतो. त्यामुळे घाम आहे म्हणून धोका नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. धावणाऱ्या व्यक्तीच्या शरीरात नेमके काय चालले आहे, हे तिला न थांबवता कळू शकेल काय? या प्रश्नाचे एक संभाव्य उत्तर म्हणून गेल्या काही वर्षांत संशोधकांचे लक्ष प्रकाशीय नाडीसंकेताकडे वळले आहे.

२. व्यायाम आणि शरीरातील उष्णतेचा हिशेब

स्नायू अन्नातील ऊर्जेचे कार्यात रूपांतर करतात. मात्र त्यांची कार्यक्षमता सर्वसाधारणपणे २० ते २५ टक्के इतकीच असते. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. ६० किलो वजनाची व्यक्ती ताशी १० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिला तासाला साधारण ६०० किलोकॅलरी ऊर्जा लागते. त्यातील सुमारे ४८० किलोकॅलरी उष्णता होते. शरीराचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवण्यास दर किलोमागे सुमारे ०.८३ किलोकॅलरी, म्हणजे या व्यक्तीच्या बाबतीत सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात. याचा अर्थ असा की, उष्णता बाहेर पडण्याचे सर्व मार्ग बंद झाले, तर दर सहा-सात मिनिटांनी तापमान एका अंशाने वाढेल आणि अर्ध्या तासाच्या आत ते ४० अंशांपलीकडे जाईल.

प्रत्यक्षात असे घडत नाही, कारण शरीर ही उष्णता सतत बाहेर टाकत असते. एक लिटर घामाचे बाष्पीभवन झाले की जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. वरील धावपटूला तासाला सुमारे ०.८ लिटर घामाचे बाष्पीभवन पुरेसे ठरेल. येथे ‘बाष्पीभवन’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दमट हवेत घाम अंगावरून ओघळतो, पण वाळत नाही. ओघळलेला घाम शरीरातील पाणी कमी करतो, थंडावा मात्र देत नाही. म्हणूनच विदर्भातील कोरड्या उन्हापेक्षा तापमान बरेच कमी असूनही कोकणातील दमट सकाळ धावपटूला घातक ठरू शकते.

घाम त्वचेवर येतो, परंतु उष्णता निर्माण होते ती खोलवर, स्नायूंमध्ये. ती त्वचेपर्यंत वाहून नेण्याचे काम रक्त करते. विश्रांतीच्या अवस्थेत सामान्य तापमानाला सर्व त्वचेतून मिळून मिनिटाला साधारण पाव ते अर्धा लिटर रक्त वाहते. तीव्र उष्णतेत हा प्रवाह मिनिटाला ६ ते ८ लिटरपर्यंत जाऊ शकतो. दुसरीकडे, काम करणाऱ्या स्नायूंनाही त्याच वेळी रक्त हवे असते. एकाच टाकीवरील दोन मोठे नळ एकदम सोडावेत, तशी ही स्थिती होते. त्यातच घामामुळे टाकीतील पाणीही कमी होत जाते. परिणामी, वेग तोच असला तरी हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर पडणारे रक्त घटते आणि ती तूट भरून काढण्यासाठी ठोके वाढत जातात. शरीरशास्त्रात याला ‘हृद्‌वाहिनी अपसरण’ असे म्हणता येईल.

उष्णताताण म्हणजे केवळ वाढलेले तापमान नव्हे. स्नायू आणि त्वचा यांच्यातील रक्ताच्या वाटणीवर पडलेला हा ताण आहे, आणि प्रकाशीय नाडीसंकेताचे महत्त्व याच ठिकाणी आहे.

३. मापनाच्या प्रचलित पद्धती

उष्णताताणाचे मापन दोन दिशांनी केले जाते : बाहेरच्या हवेचे आणि शरीराच्या आतील स्थितीचे.

हवेच्या मापनासाठी आर्द्र-गोल तापमान निर्देशांक वापरला जातो. अमेरिकेतील पॅरिस आयलंड या मरीन प्रशिक्षण तळावर उष्णतेने आजारी पडणाऱ्या जवानांचा प्रश्न गंभीर झाल्यावर याग्लू आणि मिनार्ड यांनी १९५७ मध्ये तो मांडला. त्यात नैसर्गिक आर्द्र तापमानाला ०.७, काळ्या गोलातील तापमानाला ०.२ आणि हवेच्या तापमानाला ०.१ असे भार दिले जातात. समजा, ही तीन तापमाने अनुक्रमे २८, ४५ आणि ३५ अंश आहेत. तर निर्देशांक १९.६ + ९ + ३.५ म्हणजे ३२.१ अंश येतो. हवेच्या साध्या तापमानाला यात केवळ एक-दशांश स्थान आहे, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. मात्र हा निर्देशांक मैदानाविषयी सांगतो, मैदानावरील व्यक्तीविषयी नव्हे. एकाच मैदानावर धावणाऱ्या दोन विद्यार्थ्यांपैकी एक सुखरूप राहतो आणि दुसरा कोसळतो, याचे स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही.

शरीराच्या आतील तापमान विश्वसनीयपणे मोजण्यासाठी गुदद्वारातील तापमापक किंवा गिळावयाची संवेदक गोळी वापरतात. पहिली पद्धत धावत्या माणसाच्या बाबतीत अव्यवहार्य आहे. दुसरी खर्चिक आहे आणि गोळी काही तास आधी घ्यावी लागते. २०१९ च्या दोहा येथील जागतिक मैदानी स्पर्धेत अशा गोळ्यांचा वापर करून खेळाडूंच्या तापमानाचा अभ्यास झाला. त्या स्पर्धेतील महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू करूनही ६८ पैकी ४० धावपटूच ती पूर्ण करू शकल्या. शेकडो विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत मात्र हा मार्ग शक्य नाही.

या दोहोंच्या मधला मार्ग म्हणून मोरान आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ‘शारीरिक ताण निर्देशांक’ मांडला. त्यात अंतर्गत तापमान आणि हृदयगती यांना समान महत्त्व देऊन ० ते १० या श्रेणीत ताण व्यक्त केला जातो. तापमान ३७ वरून ३८.५ अंशांवर आणि हृदयगती ७० वरून १६० वर गेली असेल, तर सूत्रानुसार पहिल्या घटकाचे ३ आणि दुसऱ्याचे सुमारे ४.१ मिळून ताण ७.१ येतो. पुढे २०१३ मध्ये बुलर आणि सहकाऱ्यांनी ओळीने नोंदवलेल्या हृदयगतीवरूनच अंतर्गत तापमानाचा अंदाज बांधण्याची गणिती पद्धत प्रसिद्ध केली. हृदयगती बाहेरून सहज मोजता येते. त्यामुळे विचाराला नवी दिशा मिळाली. नाडीच्या गतीवरून इतके कळत असेल, तर नाडीच्या आकारावरून आणखी काय कळेल?

४. प्रकाशीय नाडीसंकेताचे तत्त्व

नाडीच्या केवळ गतीकडे नव्हे, तर तिच्या चालीकडे लक्ष देण्याची परंपरा भारतीयांना नवीन नाही. शार्ङ्गधर संहितेत नाडीपरीक्षेचे वर्णन आहे. प्रकाशाच्या साहाय्याने नाडी टिपण्याचे पद्धतशीर काम मात्र अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ आल्रिक हर्ट्झमन यांनी १९३७-३८ च्या सुमारास केले. या पद्धतीला फोटोप्लेथिस्मोग्राफी असे नाव आहे. ‘फोटो’ म्हणजे प्रकाश आणि ‘प्लेथिस्मोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ वाढ किंवा फुगणे. थोडक्यात, रक्ताने अवयव किती फुगला हे प्रकाशाने लिहून काढणे. १९७४ मध्ये जपानचे ताकुओ आओयागी यांनी याच तत्त्वाचा उपयोग करून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजण्याची पद्धत मांडली. कोविड-१९ च्या साथीत घरोघरी पोहोचलेला पल्स ऑक्सिमीटर हे तिचेच फलित होय.

या उपकरणाचे दोनच मुख्य भाग असतात : प्रकाश देणारा दिवा आणि परत आलेला प्रकाश मोजणारा संवेदक. रक्तातील हिमोग्लोबिन प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या ठोक्यासरशी रोहिणिकांमध्ये रक्ताची लाट आली की अधिक प्रकाश शोषला जातो; लाट ओसरली की कमी. संवेदकाला मिळणाऱ्या प्रकाशातील ही चढउतार म्हणजेच नाडीतरंग. बोटावरील उपकरणात तांबडा व अवरक्त प्रकाश वापरतात, तर मनगटी घड्याळात बहुधा हिरवा. हिरवा प्रकाश त्वचेत फार खोल जात नाही आणि हिमोग्लोबिन तो मोठ्या प्रमाणात शोषते. त्यामुळे हालचालीतही त्यातून तुलनेने चांगला संकेत मिळतो.

संकेताचे दोन घटक असतात. पहिला स्थिर घटक त्वचा, हाडे, स्नायू आणि नीलांमधील रक्त यांच्यामुळे येतो व तो फारच मोठा असतो. दुसरा स्पंदनशील घटक हृदयाच्या ठोक्याबरोबर बदलतो. तो स्थिर घटकाच्या एक-दोन टक्के इतकाच असू शकतो. या दोहोंच्या गुणोत्तराला रक्तपुरवठा निर्देशांक म्हणतात. उपयोगाची सर्व माहिती या लहानशा स्पंदनात दडलेली असते, ही गोष्ट पुढील अडचणी समजून घेताना ध्यानात ठेवावी लागते.

५. उष्णतेमुळे नाडीतरंगात होणारे बदल

नाडीतरंग वेगाने चढतो, शिखर गाठतो आणि सावकाश उतरतो. उतरताना त्यात एक लहानशी खाच आणि त्यानंतर दुसरा उंचवटा दिसतो. हा उंचवटा शरीराच्या खालच्या भागातून परावर्तित होऊन आलेल्या लाटेशी संबंधित असतो. त्यामुळे तरंगाच्या आकारातून रोहिण्यांच्या ताठपणाविषयी आणि लहान वाहिन्यांच्या आकुंचन-प्रसरणाविषयी माहिती मिळते.

उष्णतेत तीन प्रकारचे बदल अपेक्षित असतात. पहिला बदल गतीचा : दोन शिखरांमधील अंतर कमी होते. दुसरा आयामाचा : त्वचेतील वाहिन्या रुंदावल्याने स्पंदन मोठे होते. तिसरा आकाराचा : वाहिन्यांचा विरोध घटल्याने परावर्तित लाटेचे स्वरूप बदलते आणि खाच व दुसरा उंचवटा यांची जागा व ठळकपणा बदलतो.

परंतु यातील दुसरा बदल सरळ रेषेत होत नाही. व्यायाम सुरू होताच स्नायूंकडे रक्त वळवण्यासाठी त्वचेतील वाहिन्या प्रथम आकुंचन पावतात. शरीर तापू लागले की त्या रुंदावतात. आणि पाण्याची कमतरता वाढून रक्तदाब सांभाळणे अवघड झाले की त्यांचे रुंदावणे पुन्हा रोखले जाते. म्हणजे लहान आयाम हा थंड शरीराचाही निदर्शक असू शकतो आणि संकटात सापडलेल्या शरीराचाही. एकाच क्षणाची नोंद पाहून या दोहोंतील भेद कळणार नाही. हृदयगती चढत असताना त्वचेतील स्पंदन आधी वाढून नंतर घटू लागले, तर उष्णता बाहेर टाकण्याचा मार्ग अरुंद होत असल्याचा तो इशारा ठरू शकतो. तात्पर्य, एका आकड्यापेक्षा त्या व्यक्तीच्या स्वतःच्या आरंभीच्या स्थितीपासून होत गेलेला बदल अधिक महत्त्वाचा आहे.

संवेदक कोठे बसवावा, यालाही महत्त्व आहे. बोटांच्या टोकांत रोहिणिका व नीलिका यांना थेट जोडणाऱ्या वाहिन्या विपुल असतात. मनगटाच्या वरच्या बाजूच्या त्वचेत तशा नसतात आणि तेथील वाहिन्यांचे प्रसरण वेगळ्या चेतायंत्रणेने होते. त्यामुळे बोटावरील निष्कर्ष जसेच्या तसे मनगटाला लावता येत नाहीत.

६. तरंगातील बिंदू ओळखण्याची पद्धत

तरंगाच्या आकारातील सूक्ष्म फरक डोळ्यांना सहज दिसत नाहीत. यासाठी तरंगाचा द्वितीय अवकलज काढतात, म्हणजे तरंगाच्या चढण्या-उतरण्याचा वेग कसा बदलतो हे पाहतात. त्याला प्रवेग-नाडीतरंग असे म्हणता येईल. त्यात ‘ए’ ते ‘ई’ अशी नावे असलेल्या पाच लाटा दिसतात. १९९८ मध्ये ताकाझावा आणि सहकाऱ्यांनी या लाटांच्या उंचीच्या गुणोत्तरांचा संबंध रक्तवाहिन्यांच्या वार्धक्याशी जोडून दाखवला. रक्तवाहिन्यांवर परिणाम करणाऱ्या औषधांनी ही गुणोत्तरे बदलतात, हेही त्यांनी नोंदवले.

उष्णतेच्या संदर्भात उत्तर ऑस्ट्रेलियातील संशोधनाचा उल्लेख आवश्यक आहे. तेथील डार्विन शहराचे हवामान उष्णकटिबंधीय असून आपत्कालीन मदत कर्मचाऱ्यांना जड पोशाखात, दमट उष्णतेत काम करावे लागते. अशा परिस्थितीतील ४० निरोगी कर्मचाऱ्यांच्या, व्यायामापूर्वी व व्यायामानंतर घेतलेल्या नाडीनोंदींवर मोहम्मद एल्जेंडी आणि सहकाऱ्यांनी काम केले. त्यांचा लेख २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. उष्णतेनंतरच्या नोंदींत ठोके जलद असतात, लय बदलती असते आणि गोंगाट अधिक असतो. त्यामुळे तरंगाचे शिखर नेमके ओळखणे हेच मुळात आव्हान ठरते. त्यांची पद्धत समजण्यास सोपी आहे. प्रथम ०.५ ते ८ हर्ट्झ या पट्ट्याबाहेरील गोंगाट गाळला जातो. नंतर संकेताचा वर्ग केला जातो, जेणेकरून मोठी शिखरे अधिक उठून दिसतात. त्यानंतर दोन चल सरासरी काढल्या जातात : एक १११ मिलिसेकंदांची, म्हणजे एका शिखराच्या रुंदीएवढी, दुसरी ६६७ मिलिसेकंदांची, म्हणजे एका ठोक्याच्या कालावधीएवढी. पहिली सरासरी दुसरीच्या वर जाते, त्या भागात शिखर शोधले जाते. २०१५ मध्ये याच दिशेने पुढे जाऊन नाडीतरंगाच्या कालाधारित लक्षणांवरून उष्णताताणाचे निरीक्षण कसे करता येईल, यावरही संशोधन प्रसिद्ध झाले.

या अभ्यासांनी निदानाचे तयार उपकरण दिले, असे म्हणता येणार नाही. उष्णतेने बिघडलेल्या संकेतातूनही विश्वासार्ह बिंदू वेचता येतात, हे मात्र त्यांनी दाखवून दिले.

७. मर्यादा

पहिली मर्यादा हालचालीची आहे. धावणाऱ्याची पावले मिनिटाला साधारण १६० ते १८० पडतात आणि वेगाने धावताना हृदयाचे ठोकेही त्याच पल्ल्यात असतात. पावलागणिक हाताला बसणारा हिसका रक्तालाही हलवतो. त्यामुळे घड्याळ कधीकधी हृदयाऐवजी पावलेच मोजत राहते. यावर उपाय म्हणून त्वरणमापकाने हालचाल स्वतंत्रपणे नोंदवून ती संकेतातून वजा केली जाते. २०१५ मध्ये झांग आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘ट्रॉइका’ या पद्धतीत धावत्या १२ व्यक्तींच्या नोंदींत हृदयगतीची सरासरी चूक मिनिटाला सुमारे २.३ ठोक्यांपर्यंत खाली आणण्यात यश आले. परंतु गती शोधणे एक आणि तरंगाचा आकार अबाधित राखणे दुसरे. आकाराच्या विश्लेषणासाठी आजही थांबल्यानंतरच्या काही क्षणांची नोंद अधिक भरवशाची ठरते.

दुसरी मर्यादा त्वचेच्या वर्णाची आहे. त्वचेतील मेलॅनिन प्रकाश शोषते, विशेषतः हिरवा. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील रुग्णालयीन नोंदींवरून असे निदर्शनास आले की, पल्स ऑक्सिमीटरला न दिसलेली प्राणवायूची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गौरवर्णीयांच्या जवळपास तिप्पट होती. तेथील मोजमाप वेगळे असले, तरी धडा येथेही लागू पडतो. प्रकाशावर चालणारे उपकरण ज्या लोकांसाठी वापरायचे, त्यांच्यावरच ते तपासलेले असले पाहिजे.

तिसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. नाडीसंकेत तापमान मोजत नाही. तो तापमानाला शरीराने दिलेला प्रतिसाद मोजतो. भीती, स्पर्धेची उत्कंठा, चहा-कॉफी, अपुरी झोप, ताप यांनीही नाडी बदलते. घामाने सैल झालेला पट्टादेखील संकेत बिघडवतो.

८. महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्राच्या संदर्भात

हा विषय प्रयोगशाळेपुरता नाही. आंतरमहाविद्यालयीन क्रॉसकंट्री स्पर्धा, राष्ट्रीय छात्रसेनेची शिबिरे आणि पोलीस भरतीच्या १६०० व ८०० मीटर धावण्याचा सराव महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांच्या मैदानांवर चालतो. भरतीची तयारी करणारे विद्यार्थी पुष्कळदा एकटे, कोणाच्याही देखरेखीविना, शरीर उष्णतेला सरावण्यापूर्वीच पूर्ण जोर लावतात. उष्णतेला सरावण्यास साधारण एक ते दोन आठवडे लागतात; पहिले काही दिवस सर्वांत जोखमीचे असतात.

मनगटी घड्याळ असलेल्या विद्यार्थ्याला त्याची हृदयगती ठराविक वेगाला रोज किती असते, हे नोंदवण्यास सांगता येईल. तोच वेग असताना एखाद्या दिवशी ठोके नेहमीपेक्षा बरेच अधिक असतील, किंवा थांबल्यानंतर ते लवकर उतरत नसतील, तर त्या दिवशी सराव थांबवणे श्रेयस्कर. घड्याळ नसल्यास मनगटावर बोटे ठेवून हेच काम करता येते. मात्र आकडा ठीक दिसतो म्हणून चक्कर, असंबद्ध बोलणे किंवा तोल जाणे यांकडे दुर्लक्ष करणे म्हणजे १९८४ मधील घामाची चूक नव्या स्वरूपात करणे होय. अंतर्गत तापमान ४० अंशांच्या वर आणि त्याच्या जोडीला मेंदूच्या कार्यात बिघाड, अशी स्थिती म्हणजे उष्माघात. अशा वेळी रुग्णवाहिका बोलवावी. पण ती येईपर्यंत वाट पाहू नये. थंड पाण्याच्या टाकीत बसवून, किंवा ते शक्य नसल्यास अंगावर सतत पाणी ओतून व बर्फाचे ओले टॉवेल बदलत ठेवून, शरीर जागेवरच थंड करण्यास आरंभ करावा. आधी थंडावा, मग रुग्णालय, हा क्रीडावैद्यकातील मान्य क्रम आहे.

९. निष्कर्ष

(१) उष्णताताण हा स्नायू व त्वचा यांच्यातील रक्ताच्या वाटणीवरील ताण असल्याने त्वचेतील नाडीतरंगात त्याची चिन्हे उमटणे स्वाभाविक आहे.

(२) नाडीची गती, आयाम आणि आकार या तिन्हींचा, आणि तोही व्यक्तीच्या स्वतःच्या आरंभीच्या स्थितीशी तुलना करून, एकत्रित विचार केल्यास संकेताला अर्थ प्राप्त होतो.

(३) हालचाल, त्वचेचा वर्ण व संवेदकाची जागा यांमुळे संकेतात दोष येतात. म्हणून भारतीय हवामानात, भारतीय विद्यार्थ्यांवर अशा उपकरणांची स्वतंत्र तपासणी होणे आवश्यक आहे. पदार्थविज्ञान, शरीरशास्त्र, संख्याशास्त्र आणि शारीरिक शिक्षण या विभागांना एकत्र येऊन हाती घेता येईल, असा हा विषय आहे.

(४) प्रकाशीय नाडीसंकेत हा इशारा आहे, निदान नव्हे. इशारा मिळाला तर थांबावे. पण तो मिळाला नाही म्हणून निर्धास्त राहू नये. उपकरणाने शिक्षकाच्या डोळ्यांना साहाय्य करावे; त्यांची जागा घेऊ नये.